झाकलेलं कोंबडं आणि पहाटेची वेळ

पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचं नाव 'पक्ष्यांची जैविक घड्याळं' असं छापलं आहे. नाव चूक नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट आली आहे. उरलेली अर्धी सांगण्यासाठी मी एका म्हणीपासून सुरुवात करतो. म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडातली आहे : कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. खरं लपत नाही, एवढाच तिचा अर्थ. पण क्षणभर ती शब्दशः घेऊ या. डालग्याखाली कोंबडा आहे. वर गोणपाट टाकलं आहे. आत मिट्ट काळोख. बाहेर तांबडं फुटणार हे तर नक्कीच. सूर्य काही कोंबड्याच्या परवानगीनं उगवत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. आतल्या कोंबड्याला पहाट झाल्याचं कळतं का? ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना उत्तर माहीत आहे. कोंबडा डालग्याखालूनही आरवतो, आणि तेही तांबडं फुटायच्या बरंच आधी. मग त्याला वेळ सांगितली कोणी?

उत्तरं तीन असू शकतात. एक, आकाशानं सांगितली. कुठल्या तरी फटीतून उजेड आला. दोन, त्याच्या स्वतःच्या शरीरानं सांगितली. आणि तीन, शेजारच्या वाड्यातल्या कोंबड्यानं सांगितली. एक आरवला की दुसरा, मग तिसरा, मग अख्खी आळी, हे तर आपण ऐकलेलंच असतं. विज्ञानाला पहिलं उत्तर 1920च्या दशकात नीट सापडलं, दुसरं 1950च्या दशकात. तिसरं मात्र बराच काळ दाराबाहेर उभं होतं. ते बाहेर का राहिलं, हाच आजच्या बोलण्याचा खरा विषय.

आता एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. यातलं पुष्कळसं पक्षी पाळणाऱ्यांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी माहीत होतं. जपानमध्ये गाणारे पक्षी पाळणारे लोक थंडीत संध्याकाळनंतरही पिंजऱ्याजवळ दिवा तेवत ठेवत. परिणाम असा, की वसंतात गाणारा पक्षी ऐन जानेवारीत गायला लागे. या पद्धतीला 'योगाई' म्हणत. हॉलंडमधले पारधी उलटं करत. ते पक्ष्यांना वसंत ऋतूच्या अखेरीपासून अंधारात कोंडून ठेवत आणि उन्हाळा सरता सरता बाहेर काढत. त्या बिचाऱ्यांना वाटे, आत्ताच वसंत आला. मग ते शरद ऋतूत तारस्वरात गात, आणि स्थलांतर करणारे त्यांचे भाईबंद त्या आवाजाला भुलून जाळ्यात येत. जर्मनीत योहान आंद्रेयास नौमान यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिलं होतं, की पिंजऱ्यातला पक्षी उबेत आहे, दाणापाणी भरपूर आहे, तरी स्थलांतराचे दिवस आले की रात्रभर तडफडत असतो, दांडीवरून इकडे तिकडे उड्या मारतो.

म्हणजे थंडी आणि भूक ही कारणं पुरेशी नाहीत हे दिसत होतं. तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक जाणकार हेच म्हणत, की गारठा वाढतो, खाणं संपतं, म्हणून पक्षी जातात. पारध्याचं ज्ञान ज्ञानात धरायचं नाही, ही सवय काही फक्त आपल्याकडची नाही.

या ठिकाणी आपल्या कथेचा पहिला नायक येतो. विल्यम रोवन. जन्म स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, शिक्षण इंग्लंडमध्ये आणि नोकरी कॅनडात, एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात. प्राणिशास्त्राचा विभाग त्यांनीच उभा केला. एडमंटनजवळच्या सरोवरावर ते पाणपक्षी बघायला जात. त्यांच्या लक्षात आलं, की दक्षिण अमेरिकेपासून हजारो किलोमीटर उडत येणारे यलोलेग्ज नावाचे चिखलपक्षी दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतात आणि त्याच तारखांना अंडी घालतात. हवामान तर दर वर्षी वेगळं. एखाद्या वर्षी बर्फ लवकर वितळतो, एखाद्या वर्षी उशिरा. मग दर वर्षी बिनचूक तसंच राहणारं काय आहे? दिवसाची लांबी! 21 मार्चचा दिवस यंदा जेवढा, तेवढाच पुढच्या वर्षी.

कल्पना सोपी होती, सिद्ध कशी करायची हा प्रश्न. विद्यापीठातल्या वरिष्ठांना रानात हिंडून पक्षी गोळा करणं हे संशोधनच वाटत नव्हतं. पैसा नव्हता. मग रोवन यांनी 1924च्या शरद ऋतूत स्वतःच्या परसात पिंजरे बांधले. पक्षी निवडला जुंको. चिमणीएवढा, करड्या रंगाचा, स्थलांतर करणारा. काही जुंको साध्या पिंजऱ्यात, काही विजेचे दिवे असलेल्या पिंजऱ्यात. दोन्ही पिंजरे उघड्यावर, गारठा दोघांनाही सारखाच. आणि तिथला गारठा म्हणजे उणे 40 अंशांच्याही खाली. सेल्सियस की फॅरनहाइट असं विचारू नका. उणे 40ला दोन्ही सारखेच. रोज संध्याकाळी दिवे काही मिनिटं जास्त वेळ चालू ठेवायचे. दिवस असा हळूहळू लांबवत न्यायचा, जणू वसंत येतो आहे.

ऐन हिवाळ्यात त्यांनी काही पक्ष्यांचं विच्छेदन केलं. साध्या पिंजऱ्यातल्या नरांचे वृषण हिवाळ्यात असतात तसे अगदी बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे. दिव्याखालच्यांचे मात्र वसंतात असतात तसे फुगलेले. बाहेर बर्फ, हाडं गोठवणारी थंडी, आणि शरीर म्हणतंय की वीण जवळ आली. 1925 साली 'नेचर'मध्ये हा निबंध आला. कुठल्याही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात दिवसाच्या लांबीचा असा परिणाम प्रयोगानं दाखवण्याची ही सुरुवातच होती.

रोवन तिथे थांबले नाहीत. पक्षी सोडून दिले तर काय करतील? हिवाळ्यात सोडलेले साधे जुंको तिथेच आसपास घुटमळत राहिले; दिव्याखाली वाढवलेले निघून गेले. पण कुठे गेले, ते कोणाला कळणार? एवढासा पक्षी परत सापडणार कसा? म्हणून त्यांनी मोठा आणि सगळ्यांना दिसणारा पक्षी घेतला. कावळा. 1931च्या नोव्हेंबरात त्यांनी शेकडो कावळे सोडले. त्यांच्या शेपट्या पिवळ्या रंगवल्या होत्या आणि लोकांना आवाहन केलं होतं की असा कावळा दिसला, मारला तर कळवा. पिवळ्या शेपटीचे कावळे शोधत हिंडणारा अख्खा प्रांत डोळ्यांसमोर आणा! दिव्याखालचे काही कावळे खरोखरच थंडीच्या तोंडावर उत्तरेच्या अंगाला गेले होते. निकाल पुरता स्वच्छ नव्हता, पण कल्पना लोकांच्या डोक्यात बसली.

आता रोवन यांची चूक. मला त्यांच्या यशाइतकीच ही चूक आवडते. उजेडामुळे वृषण का वाढतात? त्यांचं म्हणणं, उजेड थेट काही करत नाही. उजेडामुळे पक्षी जास्त वेळ जागा राहतो, जास्त हालचाल करतो, आणि त्या जागरणानं शरीर जागं होतं. हे तपासायला त्यांनी अंधारात पक्ष्यांना एका फिरत्या दांडीनं हलवत ठेवलं, झोपूच दिलं नाही. पुढे ते लंडनला गेले. तिथे मध्यवस्तीतल्या इमारतींच्या कंगोऱ्यांवर स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड रातथारे होते. स्टार्लिंग म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीवर येणाऱ्या भोरड्यांचे चुलतभाऊ. रोवन यांना दिसलं, की शहरात झोपणाऱ्या स्टार्लिंगांच्या जननग्रंथी खेड्यातल्यांपेक्षा आधी वाढतात. 1937 साली त्यांनी लिहिलं : वाहनांच्या वर्दळीमुळे यांना झोप मिळत नाही, म्हणून.

शास्त्रानं हे म्हणणं मान्य केलं नाही, आणि त्याला कारण होतं. फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की डोळे नसलेल्या बदकांवरही उजेडाचा परिणाम होतो. उजेड कवटीतून थेट मेंदूच्या तळाशी पोचतो आणि तिथून संप्रेरकांचा खेळ सुरू होतो. हालचालीची गरजच नाही. रोवन इथे हरले. पण त्यांच्या चुकीत एक निरीक्षण दडलेलं होतं, की हजारोंच्या संगतीत, गोंगाटात झोपणाऱ्या पक्ष्याचा काळ एकट्या पक्ष्यासारखा चालत नाही. चूक गेली तेव्हा निरीक्षणही तिच्यासोबत गेलं.

याच दशकात आणखी काही माणसं वेगळ्या वाटेनं त्याच प्रश्नाशी येऊन पोचली होती. पहिला आपल्या घरचा. डॉ. सलीम अली बर्लिनहून एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून परत आले तेव्हा त्यांना नोकरी उरली नव्हती. संग्रहालयाकडे पैसे नव्हते. ते आणि तेहमिनाबाई अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती आणि हाताशी वेळच वेळ होता. 1930च्या पावसाळ्यात त्यांनी ती वसाहत तासन्‌तास पाहिली आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. नर घरटं अर्धंच विणतो. मग माद्या येतात, आत शिरून बघतात. एखादीनं पसंत केलं, तर आणि तरच नर ते पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसरं घरटं विणायला घेतो. म्हणजे बघा, पाऊस झाला, गवत वाढलं, शरीर तयार झालं, तरी नराचं पुढचं पाऊल एका मादीच्या होकारावर अडलेलं. ऋतू सगळ्या वसाहतीला सारखाच आला, पण ज्याच्या त्याच्या कामाचं वेळापत्रक दुसरं कोणीतरी ठरवत होतं.

दुसरे फ्रेझर डार्लिंग. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर ते कुरव पक्ष्यांच्या वसाहती बघत राहिले. 1938 साली त्यांचं 'बर्ड फ्लॉक्स अँड द ब्रीडिंग सायकल' हे छोटंसं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या वसाहतीत प्रियाराधनाची एवढी धांदल असते, की एकाचं बघून दुसऱ्याचं शरीर वेगानं तयार होतं. सगळे थोड्या दिवसांत अंडी घालून मोकळे होतात. पिल्लं एकदमच बाहेर येतात, आणि शिकाऱ्यांनी खाऊन खाऊन तरी किती खावीत? छोट्या वसाहतीत अंडी रेंगाळत, मागेपुढे घातली जातात, आणि पिल्लं एकेक करून टिपली जातात. पुढे अनेकांनी हे ताडून पाहिलं. काही जातींत ते जुळलं, काहींत अजिबात जुळलं नाही. मोठ्या वसाहतीत अनुभवी पक्षी जास्त असतात, कदाचित त्यामुळेच सगळं लवकर उरकत असेल, असाही आक्षेप आला. आक्षेप रास्त आहे. पण डार्लिंग यांनी प्रश्न मांडला, ही त्यांची कमाई.

आणि तिसरे हॅरिसन मॅथ्यूज, 1939. यांचा प्रयोग इतका साधा आहे की शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. कबुतराची मादी एकटी ठेवली, तर ती अंडं घालत नाही. काचेपलीकडे दुसरं कबूतर ठेवलं, स्पर्श होऊ दिला नाही, तरी ती घालते. दुसरं कबूतर मादी असलं तरी चालतं. मग मॅथ्यूज यांनी पिंजऱ्यात दुसरं कबूतर न ठेवता नुसता आरसा ठेवला. एकट्या मादीनं आरशात पाहिलं आणि अंडं घातलं. थोडं उशिरा, पण घातलं! डोळ्यांना सोबत दिसली, आणि बीजांडकोशानं ती खरी मानली.

तर 1939 साली चित्र असं होतं : पक्ष्याला काळ आकाश सांगतं हे पक्कं झालं होतं, आणि संगतही सांगते याचे धागे हाती लागले होते. मग महायुद्ध आलं. युद्धानंतर सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच गेलं.

गुस्ताफ क्रामर यांनी उत्तर जर्मनीत विल्हेल्म्सहाफेनला स्टार्लिंग पाळले. गोल पिंजऱ्यातला पक्षी स्थलांतराच्या दिवसांत योग्य दिशेलाच फडफडतो, आणि आरशानं सूर्याची दिशा बदलली तर त्याचीही दिशा बदलते, हे त्यांनी दाखवलं. पण सूर्य तर दिवसभर सरकतो! दिशा कायम ठेवायची तर पक्ष्याला वेळ कळायला हवी. क्लाउस हॉफमान यांनी स्टार्लिंगांचा दिवस कृत्रिम दिव्यांनी सहा तास सरकवला, आणि शिकवलेल्या दिशेऐवजी पक्षी काटकोनात वळून दाणे शोधू लागले. सहा तास म्हणजे पाव दिवस, काटकोन म्हणजे पाव वर्तुळ. पक्ष्याच्या आत घड्याळ आहे, याचा यापेक्षा सुबक पुरावा मला माहीत नाही. क्रामर स्वतः 1959 साली इटलीत कड्यावरच्या रानकबुतरांची पिल्लं मिळवताना पडून गेले.

युर्गेन आशॉफ यांनी या घड्याळाचं शास्त्र उभं केलं. बव्हेरियात एर्लिंग-आंडेक्स इथे त्यांची प्रयोगशाळा होती. पद्धत समजून घ्या, कारण आपल्या गोष्टीचा पेच तिथेच आहे. एक पेटी. आवाज आत येणार नाही अशी. आत सतत सारखाच मंद उजेड, सारखंच तापमान. बसायची दांडी एका विजेच्या बटणाला जोडलेली. पक्षी दांडीवर उडी मारतो, बटण दाबलं जातं, बाहेर सरकत्या कागदावर लेखणी एक रेघ मारते. रोजची पट्टी कापून कालच्या पट्टीखाली चिकटवायची. महिन्याभरानं पक्ष्याचं आयुष्य भिंतीवर तिरप्या पट्ट्यासारखं दिसायला लागतं. तिरप्या का? कारण आतलं घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. समजा ते साडेतेवीस तासांचं आहे. तर पक्षी रोज अर्धा तास आधी उठणार, आणि 48 दिवसांनी पुन्हा बाहेरच्या दिवसाशी जुळणार. बाहेरून कोणी वेळ सांगत असतं, तर असं तिरपं कसं गेलं असतं? आशॉफ यांनी कोंबडीची अंडीही सदा सारख्या परिस्थितीत उबवली. ज्या पिल्लांनी दिवस-रात्र कधी पाहिलीच नाही, त्यांच्यातही सुमारे चोवीस तासांची लय होती. डालग्याखालच्या कोंबड्याला त्याचं दुसरं उत्तर मिळालं.

पण हे दिसण्यासाठी काय करावं लागलं? पक्षी एकटा ठेवावा लागला. दोन पक्षी एका पेटीत ठेवले तर रेघ कोणाची? शेजारच्या पेटीतला आवाज ऐकू आला तर घड्याळ आतलं, की शेजाऱ्याचं? आवाज बंद करणं, सोबत काढून घेणं ही शास्त्रीय शिस्तच होती, आणि त्या शिस्तीशिवाय घड्याळ सापडलंच नसतं. मी तिला नावं ठेवत नाही. फक्त एवढं म्हणतो, की थव्यानं उडणाऱ्या, कळपानं झोपणाऱ्या जिवांबद्दलचं आपलं ज्ञान एकांतवासातल्या कैद्यांकडून आलेलं आहे.

सोबत पुन्हा आत आली ती 1966 साली, आणि एकाच वर्षी दोन दारांनी. एबरहार्ड ग्विनर हा तरुण मुळात डोमकावळ्यांच्या सामाजिक वागण्याचा अभ्यासक. कोनराड लोरेंझ यांच्याकडे घडलेला. आशॉफ यांच्या पेट्यांकडे तो वळला, तेव्हा ते जुनं डोकं बरोबर घेऊनच आला. त्यानं सिस्किन आणि सेरिन या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांना सतत मंद उजेडात एकेकटं ठेवलं आणि रोज ठराविक तास त्यांच्याच जातीची गाणी ध्वनिफितीवरून ऐकवली. काही पक्ष्यांची तिरपी रेघ सरळ झाली. आतलं घड्याळ त्या गाण्याशी जुळलं. तिकडे अमेरिकेत मायकेल मेनाकर आणि अर्नोल्ड एस्किन यांनी आपल्या ओळखीच्याच चिमणीवर असाच आवाजाचा प्रयोग केला, आणि निकालही तसाच आला : काही चिमण्या जुळल्या, काही आपल्याच तंद्रीत राहिल्या.

हे 'काही' महत्त्वाचं आहे. उजेडाला सगळे पक्षी बधतात, आवाजाला काहीच. म्हणून पुढची वीस-पंचवीस वर्षं संगत हा दुबळा घटक मानला गेला आणि पैसा, माणसं, कीर्ती दुसरीकडे गेली. मेनाकर यांनीच चिमणीच्या मेंदूतली पिनियल ग्रंथी काढली, आणि सततच्या अंधारात तिची लयच हरवली. 1979 साली नटाली झिमरमन आणि मेनाकर यांनी एका चिमणीची ग्रंथी दुसरीच्या डोळ्यात बसवली. लय परत आली, आणि ती जिच्याकडून ग्रंथी घेतली तिच्या वेळेनुसार! असे निकाल हाती असताना कोण गाणी ऐकवत बसेल? ग्विनर यांनीही पुढे वर्षाचं घड्याळ शोधण्यात नाव कमावलं. त्यांचे पर्णवटवटे कायम बारा तास दिवस, बारा तास रात्र अशा खोलीत असूनही वर्षाच्या अंतरानं पिसं बदलत आणि स्थलांतरासाठी अस्वस्थ होत.

आपल्या देशातही या काळात भक्कम काम झालं. थंडीत आपल्या ज्वारीच्या शेतांवर उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट तुम्ही पाहिला असेल. त्याच्यावर बनारस हिंदू विद्यापीठात प्रमोद तिवारी, विनोद कुमार यांनी काम केलं. दिवसाची लांबी मोजायला हे पक्षी रोजचं घड्याळच वापरतात. साध्या शब्दांत, शरीर एकूण उजेड मोजत नाही. ते ठराविक प्रहराला खिडकी उघडून बघतं, या वेळी उजेड आहे का? असेल, तर दिवस मोठा झाला. रोवन यांचं आकाश आणि आशॉफ यांचं घड्याळ इथे एकत्र आलं.

आणि मदुराईला एम. के. चंद्रशेखरन यांच्या गटानं दक्षिणेतल्या एका गुहेत वटवाघळं अभ्यासली. वटवाघूळ पक्षी नाही, हे माझ्या श्रोत्यांना सांगायला नको. पण प्रयोग सांगण्यासारखा आहे. गुहेच्या काळोखात एकेकटं पिंजऱ्यात ठेवलेलं वटवाघूळ बाहेरचा सूर्यास्त पाहू शकत नव्हतं. तरी ते रोज बरोबर वेळेला उठत होतं, कारण आसपासची मोकळी वसाहत बाहेर पडताना आणि परतताना त्याला ऐकू येत होती. वसाहत नसलेल्या गुहेत ठेवलं, की त्याची वेळ हळूहळू सरकायला लागे. जंगलात, खऱ्या जागी, सोबतच घड्याळ लावून देते, याचा हा पुरावा.

होल्यांवरचं काम याला समांतर चाललं होतं. अमेरिकेत न्यूअर्कला डॅनियल लेरमन यांनी दाखवलं, की नराचं गुटरगूं आणि झुकणं पाहूनच मादीची संप्रेरकं जागी होतात. खच्ची केलेला, गुटरगूं न करणारा नर समोर असेल तर होत नाहीत. पुढे त्याच संस्थेत मेइ-फांग चेंग यांना आणखी विलक्षण गोष्ट सापडली. नराला पाहून मादी स्वतः घुमते, आणि तिचं अंडं वाढतं ते तिचं स्वतःचंच घुमणं ऐकून. तिचा आवाज बंद केला, तर नर कितीही नाचला तरी काम अडतं.

सगळं संगतीवर ढकलू नका, हेही सांगायला हवं. आइसलंडच्या गॉडविट पक्ष्यांची गोष्ट 2004 साली 'नेचर'मध्ये आली. जोडप्यातले दोघं हिवाळा वेगवेगळ्या ठिकाणी काढतात, एकमेकांपासून सरासरी जवळजवळ हजार किलोमीटर दूर. भेट नाही, आवाज नाही. तरीही वसंतात दोघं सरासरी तीन दिवसांच्या अंतरानं आइसलंडला पोचतात. फार मागेपुढे झालं, की काडीमोड. इथे वेळ सांगणारा जोडीदार मुळीच नाही. वेळ चुकली तर शिक्षा मात्र तोच देतो.

लंडनच्या स्टार्लिंगांचाही पुढचा भाग ऐका. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात रॉबिन पक्षी रात्री का गातात, याचा शोध 2007 साली लागला. जिथे दिवसा वर्दळीचा गोंगाट जास्त, तिथे ते रात्री गातात. दिव्यांपेक्षा गोंगाटाचा संबंध जास्त दिसला. आणि 2013 साली जर्मनीत ब्लॅकबर्ड पक्ष्यांना शहरातल्या रस्त्यांवर असतो तेवढाच फिकट उजेड रात्री दिला, तर त्यांच्या जननग्रंथी जवळजवळ महिनाभर आधी वाढल्या. दिवे आणि वर्दळ : रोवन यांनी 1937 साली निबंधाच्या शीर्षकात हे दोन्ही शब्द ठेवले होते.

आता डालग्याकडे परत. जपानच्या नागोया विद्यापीठात त्सुयोशी शिममुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी कोंबड्यांनाच सतत मंद उजेडात ठेवलं. कोंबडे आरवत राहिले, स्वतःच्या लयीत, जवळपास चोवीस तासांनी. दिवा लावला किंवा दुसऱ्याचं आरवणं ऐकवलं, तर त्यालाही प्रतिसाद मिळे, पण पहाटेच्या वेळी जास्त. म्हणजे शेजाऱ्याचं किती मनावर घ्यायचं, हेही आतलं घड्याळ ठरवत होतं. हे 2013चं काम. एकटा कोंबडा, एक घड्याळ; इथवर आशॉफ यांची वाट.

दोन वर्षांनी त्यांनी कोंबडे एकत्र ठेवले. कोंबड्यांत टोचण्यावरून मानपान ठरतं, हे जाणकारांना ठाऊक आहे : पहिला कोण, दुसरा कोण. प्रत्येकाच्या पोटात आपापलं घड्याळ, आणि ती काही एकमेकांशी तंतोतंत जुळणारी नसतात. तरीही रोज पहिली बांग मानाच्या कोंबड्याचीच. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, उतरत्या क्रमानं. खालच्या कोंबड्याला पहाट आधी कळली असली तरी तो थांबतो. पहाटेची वेळ वरच्याच्या घड्याळानं ठरते आणि तीही रोज थोडी इकडेतिकडे होते. बाकीचे ती पाळतात. मग शास्त्रज्ञांनी वरचा कोंबडा गटातून काढून घेतला. त्यानंतर पहिली बांग दिली ती दुसऱ्या क्रमांकाच्या कोंबड्यानं.

मी इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.